बर्फात हरणाचा माग कसा काढतात

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन, न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँट ही राज्यं एकमेकांना लागून आहेत. मेनचा जवळजवळ ९० टक्के भाग जंगलाखाली आहे आणि बाकीची दोन राज्यंही फार मागे नाहीत. बॉस्टनच्या आसपास राहणारी आपली बरीच मंडळी ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला याच भागात जातात. पानं गळली की गर्दी ओसरते. मला विचाराल तर हे जंगल बघण्याचे खरे दिवस त्यानंतरचे, नोव्हेंबरात पहिला बर्फ पडल्यावरचे.

इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, व्हाइटटेल. एरवी ते भेटणं नशिबावर असतं. वाळक्या पानांच्या थरावर ते कुठून आलं आणि कुठे गेलं याचा पत्ता लागत नाही. वर त्याच पानांवरून माणूस चालला की आवाज पलीकडच्या टेकाडापर्यंत जातो. बर्फ पडला की दोन्ही अडचणी एकदमच सुटतात. पावलांचा आवाज मुरतो, आणि रात्रीतून जे जे जनावर हललं त्याचा सलग, न तुटणारा माग समोर येतो.

या कामातले खरे जाणकार म्हणजे इथले शिकारी. व्हरमाँटचे लॅरी बेन्वा आणि त्यांची मुलं यासाठी देशभर ओळखली गेली. मचाणावर बसून हरणाची वाट बघायची नाही. पहाटे एका मोठ्या नराचा माग पकडायचा आणि दिवसभर त्याच्यामागे पायी चालायचं, ही त्यांची पद्धत. मी बंदूक घेऊन जात नाही. मला हरीण बघायचं असतं, आणि त्याचा आदला दिवस कसा गेला हे समजून घ्यायचं असतं. पण ही विद्या शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जंगलात चालून मिळवलेली आहे, आणि त्यांचं ऋण मानूनच मी ती इथे सांगतो आहे.

नवखा माणूस एकेक ठसा वाकून बघत बसतो. जाणकार उभा राहून ठशांची रांग बघतो. एका ठशावरून फार तर जनावर कळतं. ते कुठे निघालं होतं, घाईत होतं की निवांत, पोट भरलेलं होतं की रिकामं, हे रांगेतूनच कळतं. तेव्हा प्रश्न तीन, आणि ते याच क्रमाने विचारायचे: माग कुणाचा, कधीचा, आणि या जनावराच्या मनात काय होतं?

कुणाचा

ज्याने शेळीचं खूर पाहिलंय त्याला हरणाचं खूर वेगळं शिकवावं लागत नाही. दुभंगलेलं, पुढे निमुळतं. मादीचा ठसा साधारण दोन ते अडीच इंच लांब, मोठ्या नराचा तीन इंच किंवा थोडा जास्त. याच जंगलात मूस नावाचं प्रचंड हरीणही असतं, पण त्याचा ठसा पाच-सहा इंचांचा, त्यामुळे घोटाळा होत नाही. खुराचं टोक जिकडे, तिकडे हरीण गेलं. खोल भुसभुशीत बर्फात मात्र कडा कोसळून नुसता खड्डा उरतो आणि दिशाच कळत नाही. तेव्हा हातमोजा काढावा, हात खड्ड्यात घालावा आणि तळ चाचपावा. खुराखाली दाबला गेलेला बर्फ तळाशी घट्ट झालेला असतो आणि दोन टोकं बोटांना स्पष्ट लागतात. थंडीत हात घालायचा कंटाळा करून लोक उलट्या दिशेने मैलभर चालत जातात.

नर की मादी हा प्रश्न अवघड आहे. हमखास अशी एकच खूण नाही, चार-पाच खुणांची बेरीज करावी लागते. नराची छाती रुंद, त्यामुळे डाव्या आणि उजव्या पावलांमधलं अंतर जास्त, आणि खुरं किंचित बाहेर वळलेली. उत्तर मेनमधला भरदार नर आतडी काढल्यावरही ९० किलोच्या पुढे भरतो, मादी त्याच्या जवळपास निम्मी. म्हणून एकाच बर्फात नराचा ठसा जास्त खोल जातो. इंचभरच बर्फ असेल तर मादी पाय स्वच्छ उचलून टाकते आणि नर ओढत नेतो, त्याच्या दोन ठशांमध्ये रेघ उमटते. ही रेघ बघून पुष्कळ जण हुरळून जातात. पण बर्फ वीतभर झाला की सगळीच हरणं पाय ओढतात, तेव्हा तिला काही अर्थ राहत नाही.

मला त्याहून भरवशाची वाटते ती दोन झाडांमधली वाट. मादी दाट फांद्यांखालून, अरुंद फटीतून सरळ निघून जाते. रुंद शिंगांचा नर वळसा घालतो. बर्फात नाक खुपसून खाताना शिंगांची टोकं दोन्ही बाजूंना टेकतात, त्यांचे बारीक ठसेही सापडतात. आणि संगत बघावी. मादीबरोबर बहुधा पाडसं असतात, मोठा नर बहुधा एकटा.

कधीचा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कालचा माग आजचा समजून माणूस दिवस घालवतो आणि हरीण तोवर तीन टेकाडं ओलांडून गेलेलं असतं.

सुरुवात घरातूनच करायची. बर्फ रात्री किती वाजता थांबला हे बघून ठेवायचं. दोन वाजता थांबला असेल आणि ठशात नवा बर्फ साचलेला नसेल, तर हरीण दोननंतर गेलं. साचलेला असेल तर दोनच्या आधी. आकाश निरभ्र होऊन पहाटे कडाका पडला असेल तर ठशाच्या आत बारीक हिमाच्या सुया वाढलेल्या दिसतात. म्हणजे ठसा पहाटेच्या आधीचा. वारा सुटला असेल तर कोरडी भुकटी उडून ठशात बसते.

मग बोट लावून बघायचं. बर्फाच्या थरात बारीक कण एकमेकांना टेकून असतात. खूर पडलं की ते कण मोडतात, आणखी बारीक होतात, एकमेकांना जास्त ठिकाणी चिकटतात. जिथे दोन कण टेकतात तिथे बाष्प जमून बर्फाची बारीक मान तयार होते आणि कण सांधले जातात. पावसाळ्यात बरणीतलं मोकळं मीठ कुणी हात न लावता गठ्ठा होतं, तसं हे होतं. म्हणून ताज्या ठशाची कड बोटाने ढकलली की पिठासारखी सुटते आणि जुन्या ठशाची कड कडक लागून तुकड्याने मोडते. खुराने पुढे उडवलेले गोळेही असेच तपासावेत.

हे सांधणं किती वेळात होतं ते तापमानावर ठरतं. शून्याच्या जरा खाली असेल तर झपाट्याने, उणे २० अंशांत कोरड्या भुकटीत फार सावकाश. म्हणून घड्याळाचा ठोक नियम नाही. त्यावर उपाय साधा आहे. ठशाच्या शेजारी आपली मूठ दाबायची आणि दोन्ही कडा बोटाने तपासायच्या. आपला ठसा आत्ताचा आहे हे नक्की; फरक लागला नाही तर हरीण जवळ आहे. ही जाण बोटांत यायला सराव लागतो, आणि तो घराच्या अंगणातही होतो. संध्याकाळी दर तासाने बर्फात मूठ दाबून ठेवावी आणि सकाळी सगळ्या खुणा ओळीने चाचपाव्यात. दोन-तीन वेगवेगळ्या थंडीच्या रात्री हे केलं की पुस्तकातून कळणार नाही इतकं कळतं.

ऊन हे सगळं बिघडवतं. तापमान शून्याच्या वर गेलं की कडा वितळून गोल होतात आणि ठसा पसरतो. सकाळची लहानशी मादी दुपारपर्यंत प्रचंड नर वाटू लागते. एकाच मागाचा दक्षिण उतारावरचा तुकडा कालचा वाटतो आणि स्प्रूस या सदाहरित झाडाच्या सावलीतला आत्ताचा. निवाडा नेहमी सावलीतल्या ठशावर करावा.

लेंड्या सापडल्या तर उत्तमच. ताज्या लेंड्या चकचकीत आणि बोटाखाली दबणाऱ्या असतात. गोठलेल्या असल्या तरी हिरमुसू नये. कडाक्याच्या थंडीत त्यांना गोठायला फार वेळ लागत नाही.

मनात काय होतं

चालताना हरीण मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच टाकतं. पुढच्या पायाने जागा आधीच दाबलेली असते, त्यामुळे श्रम वाचतात. म्हणून सावकाश चाललेल्या हरणाचा माग दोन पायांच्या प्राण्याचा वाटावा इतका नीटस असतो. पावलामधलं अंतर दीड ते दोन फूट. असा सरळ, एकसारख्या पावलांचा माग दिसला की समजावं, त्याला कुठेतरी पोचायचं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर या भागात नर माजावर येतात. तेव्हा नर खाणं जवळपास विसरतो आणि एका मादीच्या टापूतून दुसरीच्या टापूत मैलोन् मैल जातो. वाटेत तो कोवळ्या झाडाची साल शिंगांनी खरवडतो, लोंबत्या फांदीखालचा बर्फ आणि पालापाचोळा खुरांनी उकरून खालची काळी माती उघडी पाडतो आणि तिथे मुततो. असा माग सरळ चालू असेल तोवर आपणही झपाझप चालायचं. नवखा माणूस इथेच जपून जपून पावलं टाकतो आणि मागे पडतो.

मग एके ठिकाणी माग बदलतो. पावलं आखूड होतात, रांग डावी-उजवीकडे भटकायला लागते. बीचच्या झाडाखाली बर्फ उकरलेला दिसतो, खाली पडलेली फळं शोधलेली असतात. वाऱ्याने पडलेल्या स्प्रूसच्या फांदीवरचा दगडफुलासारखा लोंबता शेवाळी झुपका ओरबाडून खाल्लेला असतो. मेपलच्या कोवळ्या डहाळ्यांची टोकं गेलेली असतात. ती टोकं नीट बघावीत. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते डहाळी चिमटीत धरून ओढतं आणि टोक चिंध्या निघाल्यासारखं तुटतं. टोक सुरीने तिरकं कापल्यासारखं असेल तर ते सशाचं काम. ससा, हरीण आणि मूस तिघंही त्याच झाडोऱ्यावर जगतात, आणि कोण किती उंचीवर खाऊन गेलं हेही त्या टोकांवरून दिसतं.

खाणं झालं म्हणजे आता रवंथ करायला बसणार. इथून आपला वेग एकदम कमी व्हायला हवा. एक पाऊल टाकावं, थांबावं, चहूकडे बघावं, मग दुसरं. पाच मिनिटांत पाच-दहा पावलं झाली तरी पुष्कळ.

हरीण बसायची जागा सहज निवडत नाही. पुष्कळदा ते उतारावर चढतं, पुढे जातं, मग वळून आपल्याच मागाला समांतर थोडं परत येतं आणि अशा ठिकाणी बसतं जिथून खालचा माग दिसतो. पाठीमागून वारा येत असतो, म्हणजे मागचा धोका नाकाला कळतो आणि पुढचा डोळ्यांना. माणूस निष्ठेने ठशांवरून चालत राहतो आणि हरीण वरून, बाजूने त्याला बघत असतं. म्हणून माग टेकाडाकडे वर चढायला लागला किंवा बाल्सम फरच्या दाट कोवळ्या झाडीत शिरला की पुढे बघणं कमी करून वर आणि बाजूंना बघावं. माझ्या मते या विद्येतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे.

बसलेली जागा लंबगोल असते, अंगाच्या उबेने बर्फ खाली दबलेला आणि किंचित वितळलेला. मोठ्या नराची बसकण चार फुटांच्या आसपास, मादीची त्याहून आखूड. दोन-तीन लहानमोठ्या बसकणी जवळजवळ असतील तर मादी आणि तिची पाडसं. तळाला हात लावावा: ओलसर असेल तर आत्ताच उठलं, काचेसारखा गुळगुळीत पापुद्रा धरला असेल तर उठून वेळ झाला.

नजर कुठे ठेवायची

ठशांवर नाही. माग पंचवीस-तीस फूट पुढे कुठे जातो ते एकदा बघून घ्यावं आणि डोळे वर उचलावेत. अख्खं हरीण शोधू नये, ते तसं दिसत नाही. जंगलातल्या रेषा उभ्या असतात, हरणाची पाठ आडवी. ती आडवी रेघ, हललेला कान, काळं नाक, फांद्यांमधला एक पाय, एवढंच काय ते दिसतं.

हरणाच्या डोळ्यांना सुमारे ३०० अंशांचा आवाका असतो, म्हणजे मानेमागचा थोडा भाग सोडून सगळं. बारीकशी हालचालही ते टिपतात. लाल-नारिंगी रंग मात्र त्यांना उठून दिसत नाही, तेव्हा झगझगीत नारिंगी जाकीट आणि टोपी घालायला काहीच हरकत नाही. शिकारीच्या हंगामात ती घालावीच. नाक तर सगळ्यात तीक्ष्ण. वारा आपल्याकडून हरणाकडे वाहत असेल तर बाकी सगळी काळजी वाया जाते. चिमूटभर भुकटी बर्फ हवेत सोडून वारा अधूनमधून बघत राहावा, कारण टेकाडांमध्ये तो फिरतो. आणि बर्फावर कडक पापुद्रा धरला असेल, प्रत्येक पावलाला कर्र वाजत असेल, तर त्या दिवशी हरणाजवळ पोचायचा नाद सोडावा. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे वारा पडलेला आणि संथ, ओलसर बर्फ पडत असलेला.

एवढं करूनही बहुतेक वेळा हरीण आधी उठतं. माग एकदम बदलतो: चारही खुरं जवळजवळ, मग पंधरा-वीस फुटांची झेप, पुन्हा चार खुरं. ते फार लांब पळत नाही. थोड्या अंतरावर थांबून मागे कोण येतंय ते बघतं. आता काय करावं याबद्दल शिकाऱ्यांत एकमत नाही. काही जण अर्धा तास बसून त्याला शांत होऊ देतात, काही जण लगेच मागे लागतात. ज्याला नुसतं बघायचं आहे त्याने एकदा उठवलेल्या हरणाचा पाठलाग सोडून द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण हिवाळा. जानेवारीपर्यंत बर्फ दीड फुटाच्या आसपास गेला की हरणाला चालणं जड होतं. तेव्हा ती पांढरा सीडर, हेमलॉक, स्प्रूस अशा सदाहरित झाडांच्या दाट राईत एकत्र येतात. वरच्या फांद्या बर्फ अडवतात, खाली थर कमी असतो, वारा लागत नाही. हरणं ये-जा करून तिथे वाटा दाबून ठेवतात आणि त्याच वाटांवर एप्रिलपर्यंत दिवस काढतात. खाणं अपुरं असतं. शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर गुजराण चालते आणि वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त घटतो. अशा वेळी त्यांना खोल बर्फात पळवलं तर जी चरबी मार्चपर्यंत पुरायची ती तिथेच खर्च होते. पोटात पाडस असलेल्या माद्यांना तर ते अजिबात परवडत नाही. म्हणून जाने-फेब्रुवारीत अशी राई लागली की बाहेरूनच मागे फिरावं, आणि कुत्रा बरोबर असेल तर कधीच मोकळा सोडू नये.

स्वतःची काळजीही घ्यायला हवी. नोव्हेंबरअखेर इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि माग कुठे नेईल ते आपल्या हातात नसतं. थंडीत फोनची बॅटरी अचानक मान टाकते, म्हणून होकायंत्र हवंच. सह्याद्रीत वापरून सवय असलेल्यांसाठी एक गोष्ट: महाराष्ट्रात सुई जवळजवळ खरी उत्तर दाखवते, पण मेनमध्ये ती सुमारे १५ अंश पश्चिमेला सरकलेली असते. दोन-तीन मैलांत एवढ्याने रस्ता चुकतो. परतीला आपलेच ठसे कामी येतील या भरवशावर राहू नये, पडत्या बर्फात ते तासा-दोन तासांत बुजतात. बीव्हर हा प्राणी ओढ्यांवर बंधारे घालतो, त्यामागच्या तळ्यांवर नुकता गोठलेला पापुद्रा फसवा असतो. हरणाचा माग तिथून गेला असला तरी आपण काठाने जावं. घाम येईल इतक्या वेगाने चढू नये, ओले कपडे थांबल्यावर जिवावर बेततात. खाजगी रानावर मनाईची पाटी असेल तर शिरू नये. आणि मेनमध्ये रविवारी शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हंगामात नुसतं बघायला जाणाऱ्यांसाठी तोच वार बरा.

सुरुवात कशी करावी असं कुणी विचारलं तर मी उलटा माग काढायला सांगतो. ताजा माग सापडला की हरीण जिकडे गेलं तिकडे न जाता, जिकडून आलं तिकडे जायचं. हरणाला त्रास नाही, वाऱ्याची चिंता नाही, आवाज झाला तरी चालतं, आणि शिकायला सगळं तेच मिळतं: कुठे खाल्लं, कुठे थबकलं, रात्री कुठे बसलं. त्यासाठी मादी आणि पाडसांचा माग निवडावा. त्यांचा टापू लहान असतो, अर्ध्या दिवसात डहाळ्या, लेंड्या, बसकणी सगळं बघून होतं. माजावरच्या नराचा उलटा माग धरलात तर तो टेकाडामागून टेकाडं ओलांडायला लावील आणि अंधार पडेल तेव्हा गाडी पलीकडच्या रस्त्यावर असेल.